अर्जातला दुष्काळ

गेल्या काही वर्षांत आमच्या मलकापुरात एक नवा लेखनप्रकार रुजला आहे. तो कथा नाही, कविता नाही, आणि आत्मकथनाचा सगळा ऐवज त्यात असूनही तो आत्मकथन नाही. वस्तीतील मुले-मुली रात्ररात्र जागून तो लिहितात, शिक्षकांना दाखवतात, खोडतात, पुन्हा लिहितात. त्याचे नाव अर्ज. हवामानबदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या तरुण नेतृत्वासाठी देशी-परदेशी संस्था ज्या फेलोशिपा आणि जी अनुदाने जाहीर करतात, त्यांच्यासाठीचा अर्ज. 'वंचित समूहातील तरुणांना प्राधान्य' असे जाहिरातीत छापलेले असते. म्हणून आमच्या मुलांना तो आपल्यासाठीच उघडलेला दरवाजा वाटतो, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

या लेखनप्रकाराची समीक्षा झाली पाहिजे, असे मी म्हणतो. तीनशे प्रती छापलेल्या कवितासंग्रहावर आपण आठ-आठ पाने लिहितो; आणि ज्या लेखनावर एखाद्या मुलाची पुढची दोन वर्षे ठरतात, ते मात्र कागदपत्र म्हणून बाजूला टाकतो. प्रस्थापित समीक्षेला ही चैन परवडते. आपल्याला ती परवडू नये.

मी गेल्या तीन वर्षांत असे पंधरा-सोळा अर्ज वाचले. त्यांची रचना ठरलेली असते. प्रथम 'तुमची कहाणी सांगा'. मग 'तुमच्या समुदायापुढील आव्हान'. मग 'तुमचे अभिनव उत्तर'. शेवटी 'किती लोकांपर्यंत पोहोचाल', त्यात आकडा घालायचा. कहाणी इतक्या शब्दांत, आव्हान तितक्या शब्दांत. वरवर पाहता यात आक्षेपार्ह काय आहे? पैसे देणारा विचारणारच. पण रचना कधी निरागस नसते. या रचनेत एक नायक आहे, एक संकट आहे आणि एक उत्तर आहे. खलनायक मात्र कुठे नाही. संकट निसर्गातून येते, अज्ञानातून येते, 'जागृतीच्या अभावा'तून येते. ते कोणा माणसाकडून, कोणा व्यवस्थेकडून येऊ शकते, असे लिहायला कागदावर जागाच ठेवलेली नाही.

दलित आत्मकथनाशी ही तुलना सहज होते, म्हणून ती आधी करून टाकतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. पुढे त्यांना फोर्ड फाउंडेशनची शिष्यवृत्तीही मिळाली, आणि परदेशी पैशावरून आपल्या चळवळीत त्या काळी जी कडाक्याची भांडणे होत, ती जुन्या वाचकांना आठवत असतील. माझा मुद्दा त्या भांडणाचा नाही. मुद्दा क्रमाचा आहे. तेथे पुस्तक आधी झाले, पैसा मागून आला. लिहिताना समोर कोणी परीक्षक बसलेला नव्हता. होता तो आपला माणूस, आणि ज्याच्यावर आरोप ठेवायचा तो समाज. आत्मकथनातील वेदना कोणाला तरी जाब विचारते. अर्जातील वेदना पात्रता सिद्ध करते. मुलगा तोच, आईही तीच, कापूस वेचून फाटलेली बोटेही तीच. पण वाक्याचे तोंड फिरले की सगळा अर्थ फिरतो.

एका अर्जाविषयी जरा सविस्तर लिहितो. माझा एक विद्यार्थी पूर्णाकाठच्या एका खेड्यातला. नाव देत नाही. त्याच्या अर्जाचा पहिला खर्डा माझ्याकडे आला तो इंग्रजीत. त्यात 'मार्जिनलाइज्ड' हा शब्द नऊ वेळा होता, 'व्हल्नरेबल' सहा वेळा, आणि 'जात' एकदाही नाही. गावाचे नाव एकदा, वस्तीचे नाव नाहीच. प्रकल्प असा मांडला होता: गावालगतच्या पडीक सामायिक जमिनीवर तरुणांच्या सहभागातून वृक्षलागवड. पाचशे झाडे, दोनशे लाभार्थी.

मी त्याला विचारले, "ही पडीक सामायिक जमीन म्हणजे नेमकी कोणती रे?"

तो म्हणाला, "सर, आपलं गायरान."

"तुझ्या आज्यानं वहिती केलं, तेच ना?"

तो काही बोलला नाही.

त्याच्या आजोबांनी आणि वस्तीतील आणखी काही कुटुंबांनी ते गायरान फोडून वावर केले, त्याला आज चाळीसच्या वर वर्षे झाली. तूर, ज्वारी, थोडा कापूस. तलाठ्याकडच्या गाव नमुना एक-ईमध्ये अतिक्रमण म्हणून नोंद, अधूनमधून दंड, दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. पण शासनाने ठरवणे आणि सातबारावर नाव चढणे यांत तहसील कचेरीच्या किती पायऱ्या असतात, हे सांगायला नको. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा निकाल दिला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांविषयी आदेश दिले आणि गावोगाव नोटिसा निघू लागल्या. धनदांडग्याचे अतिक्रमण आणि भूमिहीनाची वहिती या दोन्हींना कायद्याच्या भाषेत एकच शब्द आहे. आता हा मुलगा, त्याच वस्तीचा, त्याच जमिनीला 'पडीक' म्हणतो आणि तिच्यावर झाडे लावण्यासाठी पैसे मागतो! हा शब्द त्याचा नव्हे. तो शब्द त्याला अर्जाने दिला. आधी निवडल्या गेलेल्यांचे नमुने वाचून, जाहिरातीची भाषा घोकून, त्याने आपल्या आज्याचे वावर नकाशावरून पुसले. आणि पुसताना त्याला काही दुखले नाही, याचे मला अधिक वाईट वाटले.

त्याने दुसरा खर्डा लिहिला. या वेळी मराठीत लिहून मग भाषांतर केले. तो खर्डा मी दोनदा वाचला, कारण तो चांगला होता. गायरान, पावत्या, वस्तीची विहीर, आईची मजुरी, सगळे आपापल्या नावाने आले होते. त्याची मुलाखतही झाली. मुलाखतीत त्याला विचारण्यात आले, "पण हा तर जमिनीचा वाद झाला. यात हवामानाचा प्रश्न कुठे आहे?" त्याची निवड झाली नाही. कारण कळवण्याची पद्धत नसते.

मुलाखत घेणारी माणसे वाईट असतील, असे मी म्हणत नाही. प्रश्न त्यांना प्रामाणिकपणे पडला असेल. म्हणून त्याचे उत्तर येथे देतो.

मलकापूर तालुक्याच्या उत्तरेकडून पूर्णा वाहते. तिच्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळी, खोल, दिसायला श्रीमंत. पण खालचे पाणी खारट. विहीर खोदली तरी ते पाणी ना पिकाला चालत ना माणसाला. अशा मुलखात पाऊस महिनाभर लांबला तर काय होते? ज्याच्याकडे शेततळे आहे, टँकर मागवण्याची ऐपत आहे, ज्याचा भाऊ शहरात नोकरीला आहे, तो तगतो. ज्याच्याकडे काही नाही तो सुरतेची, पुण्याची गाडी धरतो. आणि पाऊस एका दिवसात कोसळला तर? २०२३ च्या जुलैत आमच्याच जिल्ह्यात संग्रामपूर-जळगाव जामोद भागात पूर आला, शेते खरडून गेली. पंचनामे झाले. पंचनामा हेक्टरी होतो. ज्याच्या नावे हेक्टर नाही त्याच्या वाहून गेलेल्या दोन महिन्यांच्या निंदणीचा, वेचणीचा पंचनामा करण्यासाठी कोणता नमुना आहे? गायरान कसणाऱ्याचे पीक डोळ्यांसमोर वाहून गेले तरी कागदावर ते उगवलेलेच नसते. उन्हाचेही तेच. २०२४ च्या मे महिन्यात शेजारच्या अकोला जिल्ह्यात उष्म्यामुळे जमावबंदीचे कलम लावावे लागले. त्या उन्हात वीटभट्टीवर कोण होते, गटार कोण उपसत होते, याची जातवार यादी कोणी करायची गरज नाही. ती आपल्याला पाठ आहे.

हवामान आभाळातून येते, हे खरे. पण ते माणसापर्यंत पोहोचते सातबाराच्या वाटेने, विहिरीच्या वाटेने, वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला आहे त्या वाटेने. या वाटा जातीने आखल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जाती साडेसोळा टक्क्यांच्या वर. २०१५-१६ च्या कृषिगणनेत त्यांच्या वहितीखालचे क्षेत्र नऊ टक्क्यांच्या आत. हा आकडा बाजूला ठेवून जो हवामान-न्यायाची भाषा करतो, त्याच्या बोलण्यातील 'न्याय' हा शब्द मला शोभेचा वाटतो.

आणि गायरानाचा प्रश्न हवामानाचा नाही, असे म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला पाहावे. २०२३ पासून राबवल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पांसाठी शासकीय जमिनी, त्यात गायरानेही, दिली जातात. ग्रामपंचायतीला त्याबद्दल वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, कोळसा कमी जळावा, हा हेतू चांगलाच आहे. मी सूर्याच्या विरोधात नाही. पण दिवसाची वीज मिळणार ती पंप असणाऱ्याला, आणि जमीन जाणार ती मोकळी समजली गेलेली. मोकळी कोणी समजली? म्हणजे हवामानाच्या नावाने गायरान घेता येते, पण हवामानाच्या नावाने गायरान मागता येत नाही. त्या मुलाखतीतील प्रश्नाचे खरे स्वरूप हे आहे.

आता थोडे मोठ्या पैशाकडे. आमच्या जिल्ह्यात हवामानाच्या नावाने सर्वांत ठळकपणे आलेला पैसा म्हणजे २०१८ साली सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प; लोक त्याला 'पोकरा' म्हणतात. जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलरचे कर्ज, पहिल्या टप्प्यात पंधरा जिल्हे, पाच हजारांवर गावे, खारपाणपट्टा त्यात आवर्जून धरलेला. शेततळे, ठिबक, फळबाग यांना अनुदान. अट अशी की सातबारा आणि आठ-अ हवा, आणि खर्च आधी करायचा, अनुदान नंतर खात्यात. भूमिहीनांसाठी काय? शेळीपालन, परसातील कोंबड्या. शेळीला मी नावे ठेवत नाही. शेळीवर मुले शिकली आहेत. पण शेळी चारायची कोठे? गायरानात! त्या गायरानाला कुंपण पडले की शेळीचे अनुदान देणारा आणि कुंपण घालणारा असे दोघेही आपापल्या अहवालात हवामानाचे काम केल्याची नोंद करतात. वर आता वैनगंगा-नळगंगा जोडकालव्याची भर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. ८७ हजार कोटींच्या वरचा, चारशे किलोमीटरहून लांबीचा हा प्रकल्प ज्या नळगंगेपाशी संपायचा, ती नदी मलकापूरवरूनच जाते. पाणी येईल तेव्हा येईल. पाण्याला सातबारा वाचता येतो, एवढे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे.

मग आपल्या तरुणांनी हा पैसा नाकारावा काय? येथे माझे आपल्याच काही मित्रांशी मतभेद आहेत. परदेशी पैसा म्हटला की त्यांना साम्राज्यवादाचा वास येतो. बहुधा हे मित्र पगारदार आहेत, किंवा निवृत्तिवेतनावर आहेत, मीही त्यातलाच. पोटभर जेवून उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे हे आहे. एकीकडे वनसंवर्धन, पक्षिनिरीक्षण, नदीस्वच्छता करणाऱ्या सवर्ण संस्थांनी दशकानुदशके देणग्या घेतल्या, कार्यालये बांधली. त्यांच्या निष्ठेवर कोणी शंका घेतली नाही. आमचा मुलगा पन्नास हजार मागू लागला की त्याच्या बांधिलकीचा पंचनामा! हे मला मान्य नाही.

बाबासाहेबांनी शिष्यवृत्ती घेतली होती. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची, महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला गेले तेव्हा काय झाले, ते प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. राहायला घर मिळाले नाही. पारशाच्या वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. देणारा उदार होता, करार स्वच्छ होता, तरी अनुदान जातीच्या दारात येऊन थांबले. हा पहिला धडा. दुसरा १९२० चा. 'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या पैशाने पत्र निघाले. पत्राने काय लिहावे हे पैशाने ठरवले नाही. आणि तिसरा, जो आपण विसरतो: १९२८ च्या फेब्रुवारीत 'बहिष्कृत भारत'मध्ये बाबासाहेबांनी पत्राच्या कर्जाची आणि आर्थिक ओढाताणीची कैफियत उघडपणे वाचकांपुढे मांडली. ज्यांच्यासाठी काम, त्यांच्यापुढे हिशेब. आजच्या फेलोशिपेत हिशेब जातो वर, देणाऱ्याकडे. वस्तीला तो दिसतही नाही. वस्तीला दिसतो तो फक्त मुलाच्या हातातील नवा मोबाइल, आणि मग कुजबूज सुरू होते.

अटींच्या बाबतीत सरकार तरी कोठे मागे आहे! परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती आदी घटकांना मिळणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळण्यात आले. म्हणजे आमच्या मुलाने परदेशात जाऊन यंत्र शिकावे, जात शिकू नये. खासगी देणगीदार 'जमिनीचा वाद नको' म्हणतो, शासन 'समाजाचा अभ्यास नको' म्हणते. दोघांची गाठभेट कधी झाली नसेल, पण भाषा जुळते.

आणखी एक बारकावा, जो कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावा. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. आता एक संस्था दुसऱ्या संस्थेला तो पैसा देऊ शकत नाही. नव्या नोंदणीसाठी तीन वर्षांचे काम आणि त्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. मलकापूरच्या कोणत्या युवक मंडळाने तीन वर्षांत पंधरा लाख पाहिले आहेत? पूर्वी मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून चार पैसे झिरपत येत, ती वाट बंद झाली. मात्र शिष्यवृत्ती, विद्यावेतन म्हणून व्यक्तीला मिळणाऱ्या पैशाला त्याच कायद्यात मोकळीक आहे. म्हणजे संघटनेला कुलूप आणि व्यक्तीला फट. त्या फटीतून एकेक मुलगा 'नेता' म्हणून बाहेर काढला जातो. मागे वस्ती तशीच राहते. जाहिरातीतील 'नेतृत्व' या शब्दावर मी नाखूश आहे तो यासाठी. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर हजारो माणसे गेली. पाण्याच्या न्यायाची याहून मोठी चळवळ या देशात मला माहीत नाही. १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झाला, पण तुरुंग भरले ते नाव नसलेल्यांनी. आजच्या अर्जात महाड बसवून दाखवा. 'अभिनव उत्तर' या रकान्यात काय लिहाल?

ही कोंडी आपलीच आहे असे नाही. अमेरिकेत १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनातील वॉरन परगण्यात काळ्यांच्या वस्तीजवळ विषारी माती पुरण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आडवे झाले, तेथून पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीला जोर आला. १९९१ मध्ये वॉशिंग्टनला गौरेतर समाजांची पर्यावरण परिषद भरली आणि सतरा तत्त्वे ठरली. त्याच्या आदल्याच वर्षी नैर्ऋत्येकडील कार्यकर्त्यांनी दहा बड्या पर्यावरण संस्थांना पत्र लिहून त्यांच्या गोरेपणाचा जाब विचारला होता. तरीही २०२० च्या एका पाहणीत असे दिसले की बारा बड्या देणगीदारांनी तेथील दोन विभागांत दोन वर्षांत वाटलेल्या १३४ कोटी डॉलरपैकी न्यायाच्या चळवळींच्या वाट्याला आले सुमारे सव्वा टक्का. २०२१ मध्ये गौरेतर देणगीदारांनी पुढाकार घेऊन मोठ्या निधींना आवाहन केले: तीस टक्के गौरेतरांच्या संघटनांना द्या, आणि आपले आकडे जाहीर करा. 'संघटनांना' हा शब्द त्यात आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. अर्थात पैसा आला तसा जातोही. २०२५ मध्ये तेथील नव्या सरकारने पर्यावरणीय न्यायाची अनुदाने धडाधड रद्द केली. ज्या गटांकडे वर्गणीदार सभासद होते ते उरतील, ज्यांच्याकडे फक्त अर्ज होते त्यांचे अवघड आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागवली होती. दोन समाजांमधील नाते एकमेकांचे अर्ज वाचण्यापासूनचे आहे, म्हणायला हरकत नाही.

त्या विद्यार्थ्याविषयी एवढेच सांगायचे की तो सध्या वस्तीतील पावत्यांची यादी करतो आहे. चौदा एप्रिल नव्वदच्या आधीच्या पावत्या किती, नंतरच्या किती, कोणाच्या उंदरांनी खाल्ल्या, एक-ईच्या नकला कोणाच्या निघतात. नकलांची फी, मलकापूरला येण्या-जाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि वकिलाचा पहिला कागद, असा हिशेब आम्ही मांडून पाहिला. तो एका फेलोशिपेच्या दोन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकाही होत नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. ज्यांनी असे अर्ज लिहिले आहेत, निवड झाली असो वा नसो, त्यांनी त्यांचे पहिले आणि शेवटचे खर्डे आपापल्या गावच्या अभ्यासमंडळात एकत्र बसून वाचावेत. नावे झाकावीत. पहिल्या खर्ड्यातील कोणते शब्द शेवटच्यात उरले नाहीत, त्यांची यादी करावी. आमच्या मलकापूरच्या यादीत आतापर्यंत हे शब्द आले आहेत: जात, महारवाडा, बौद्धपुरा, सालदार, गायरान, पाटील, विहीर, दंड.